उघड्यावरची चूल

मराठींत चूल आणि शेगडी हे दोन शब्द शेजारीं शेजारीं नांदत असले तरी त्यांची जात निराळी आहे. चूल मांडावयाची असते. एकदां मांडली कीं ती आपली जागा सोडीत नाहीं. शेगडी उचलावयाची असते. आज माजघरांत, उद्यां बाळंतिणीच्या खोलींत. म्हणून नवें बिऱ्हाड थाटणें म्हणजे चूल मांडणें, भाऊ विभक्त होणें म्हणजे चुली वेगळ्या होणें, आणि साऱ्या घराला जेवावयास बोलावणें म्हणजे चूलबंद आवतण देणें. शेगडीच्या कपाळीं हें भाग्य आलें नाहीं. अलीकडे मात्र वाई, पांचगणी, महाबळेश्वर ह्या बाजूच्या नव्या बंगल्यांतून आणि सांगली-मिरजेच्या वाढत्या वसाहतींतून अंगणांत किंवा गच्चीवर दगडी ओटा बांधून त्यांत वायूवर चालणारी, भाजण्याच्या जाळीची शेगडी कायमची बसविण्याची हौस दिसूं लागली आहे. म्हणजे शेगडी पुन्हां चूल होऊं पाहत आहे. ती कोणती घ्यावी हा प्रश्न दुकानदाराच्या यादीवरून सुटेल असें पुष्कळांस वाटतें. पण उघड्यावर कायमची चूल बांधणें हा ह्या मुलखाचा पिढ्यान्‌पिढ्यांचा व्यवसाय आहे, आणि त्या प्रश्नाचें निम्में उत्तर त्या व्यवसायांत आधींच सांपडतें.

आज ज्यांना सातारा व सांगली असे दोन जिल्हे म्हणतात तो पूर्वीं एका मोठ्या सातारा जिल्ह्याचा आणि सांगली, मिरज, औंध अशा संस्थानांच्या तुकड्यांचा मुलूख होता. १९४९ सालीं त्यांतून दक्षिण सातारा हा जिल्हा निराळा निघाला आणि १९६० मध्यें त्याला सांगली हें नांव मिळालें. नांवें बदललीं, पण हिवाळा लागतांच कृष्णाकांठच्या मळ्यांतून पेटणारें गुऱ्हाळाचें चुलवाण तेंच राहिलें. जमिनींत खोल खड्डा घ्यावयाचा, त्याच्या कडा दगडमातीनें बांधून काढावयाच्या, त्यावर उसाच्या रसाची भली मोठी काहील बसवावयाची, एका अंगास जळण टाकण्याचें तोंड आणि दुसऱ्या अंगास धुराडें ठेवावयाचें, एवढी त्याची रचना. पाहणाऱ्याला ती ओबडधोबड वाटते. परंतु तिच्यांतील एकूण एक गोष्ट जळणाकडे पाहून ठरलेली आहे. चुलवाणांत जळतें तें चिपाड, म्हणजे रस काढून उरलेला व वाळविलेला उसाचा चोथा. तें हलकें, भुरभुर पेटणारें आणि क्षणांत संपणारें. त्याला सतत हात लागतो आणि वाऱ्याची जोरदार ओढ लागते. ती ओढ खड्डा आणि धुराडें मिळून निर्माण करतात. भोंवतालची माती तापून राहते, त्यामुळें चिपाडाचा जाळ क्षणभर बसला तरी रसाची उकळी मोडत नाहीं. शिवाय काहील जमिनीच्या पातळींत असल्यानें पाक तयार होतांच ती उतरवून वाफ्यांत ओतणें गड्यांना सोपें जातें. गुळव्याची सारी विद्या काहिलीकडे पाहण्यांत असते असा लोकांचा समज आहे. पण त्याची निम्मी नजर चुलवाणाच्या तोंडाकडे असते. उसाचा रस उसाच्याच चोथ्यावर शिजतो, बाहेरून काटकी आणावी लागत नाहीं, हा त्या चुलीचा खरा हिशेब. सांगलीची हळदही अशाच काहिलींतून, शेतांतल्या पाल्यापाचटावर शिजत आली. १९१० मध्यें लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानांतील कुंडलच्या माळावर कारखाना काढला तेव्हां त्यांच्या भट्टींतून बिडाचे नांगर निघाले, चरकही निघाले. चरकाचें लाकूड जाऊन लोखंड आलें, बैल जाऊन पुढें यंत्र आलें. चुलवाण मात्र खड्ड्यांतच राहिलें, कारण जळण बदललें नव्हतें.

पूर्वेकडे, जत, आटपाडी, माण, खटाव ह्या कोरड्या तालुक्यांकडे वळलें कीं ऊंस विरळ होतो आणि शाळू दिसूं लागतो. तेथील उघड्यावरची चूल म्हणजे हुरड्याची आगटी. तीही खड्ड्यांतलीच, पण तिचें तत्त्व चुलवाणाच्या अगदीं उलट. चुलवाणाला जाळ हवा, आगटीला जाळ चालत नाहीं. शेणाच्या गोवऱ्या पेटवून त्यांची ज्वाळा पुरती बसूं द्यावयाची, वर राखेची पातळ साय धरूं द्यावयाची, आणि मग त्या धगीत कोवळीं कणसें खोंचावयाचीं. घाईनें ज्वाळेवर धरलेलें कणीस वरून करपतें आणि आंत कच्चें राहतें. ह्याचें कारण आतां शास्त्राच्या भाषेंत सांगतां येतें. ज्वाळा मुख्यत्वें तापलेल्या हवेच्या झोतानें उष्णता देते. निखारा ती किरणांनीं फेंकतो, उन्हासारखी, आणि सर्वत्र सारखी. पाश्चात्त्य देशांत ज्याला ग्रिल म्हणतात त्याचें सर्वस्व ह्या दुसऱ्या प्रकारच्या उष्णतेंत आहे. आगटी हें आपल्याकडील ग्रिलच होय. फक्त तें दरवर्षीं नव्यानें खणलें जातें आणि हुरडा संपला कीं बुजविलें जातें.

घरांतल्या चुलीनें हे दोन्ही प्रकार एकाच मातींत बसविले होते. आंत लाकडांचा जाळ, त्यावर तवा. शेजारीं वैल, तिला स्वतःचें जळण नाहीं, चुलीतून वाहत जाणाऱ्या उष्ण धुरावर तेथें आमटी रटरटत राहावयाची. आणि तोंडाशीं पुढें ओढलेला आर. भाकरी तव्यावर दोन्ही अंगांनीं भाजून झाली कीं तिला त्या आराच्या झळीसमोर उभी करीत, आणि ती तेथें टम्म फुगे. वांगें त्याच राखेंत पुरून भाजावयाचें. जाळ, धूर आणि निखारा ह्या तिहींचा उपयोग करून घेणारी ही रचना कोणा अभियंत्यानें आंखली नव्हती. ती रोज तिच्यापुढें बसणाऱ्या बायकांनीं हातानें लिंपून, मोडून, पुन्हां लिंपून ठरविली होती. पुढें वायूची शेगडी आली तेव्हां घरोघरीं तारेची लहानशी जाळी विकत घेतली गेली, ती पापड आणि भाकरी भाजण्यासाठीं. त्या जाळीकडे कोणी फारसें लक्ष देत नाहीं. वस्तुतः नव्या चुलीनें कोणती गोष्ट गमावली होती ह्याची ती नोंदच आहे: आर गेला होता.

पण त्याच चुलीनें घेतलेलें मोलही सांगितलें पाहिजे. जुन्या वाड्यांतून स्वयंपाकघर मागील बाजूस, परसाकडे असे; घरांत अग्नीचें स्थान आग्नेयेस असावें हा वास्तुशास्त्राचा दंडक प्रसिद्ध आहे. पावसाळी वारे ह्या प्रदेशांत पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येतात हें ध्यानांत घेतलें तर धूर घराबाहेर जावा हा त्या दंडकाचा व्यावहारिक अर्थ लावतां येतो. परंतु तो बाहेर जाई घराच्या इतर खोल्यांपासून. चुलीपुढें पाटावर बसलेल्या स्त्रीपासून नव्हे. फुंकणी हातांत धरून तिनें जो धूर पन्नास-पन्नास वर्षें छातींत घेतला त्याची गणना कोणत्याही दप्तरांत झाली नाहीं. आढ्याला टांगलेलीं बियाण्यांचीं कणसें धुरानें किडीपासून वांचत, एवढाच त्याचा जमेचा हिशेब लोकांच्या तोंडीं राहिला. साहेबानेंही ह्याहून वेगळें कांहीं केलें नाहीं. १८२९ सालीं साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांकडून महाबळेश्वरचें पठार सर जॉन माल्कम ह्यांच्या कारकीर्दींत इंग्रजांकडे गेलें आणि तेथें बंगले उठूं लागले. इंग्रजी बंगल्याची तऱ्हा अशी कीं बबर्चीखाना मुख्य इमारतीपासून अलग, मागच्या आवारांत. आगीचें भय टळावें आणि धूर दिवाणखान्यांत येऊं नये हा त्यांतील हेतु. जेवण टेबलावर येईपर्यंत निवे ती गोष्ट वेगळी. साहेबाचें नाक धुरापासून सुटलें. बबर्ची जेथल्या तेथेंच राहिला. आज अंगणांतील स्वयंपाकघर ही मौजेची वस्तु मानली जाते, पण तिचा हा पूर्वज मौजेसाठीं जन्मला नव्हता.

चुलीपुढच्या माणसाचा विचार प्रथम ध्यानपूर्वक झाला तो ग्रामोद्योगाच्या चळवळींत. वर्ध्याच्या मगनवाडींत धुराडें असलेली मगन चूल निघाली आणि तिचें नांव गांवोगांव पोंचलें. पुढें १९८३-८४ मध्यें केंद्र सरकारनें सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हातीं घेतला. तो २००२ पर्यंत चालला. त्याचें यश बेतांचेंच म्हणावें लागेल. धुराडें काजळीनें भरलें तर तें साफ कोणीं करावयाचें, मातीला तडा गेला तर कारागीर कोठून आणावयाचा, हे प्रश्न चूल बांधून देणाऱ्यांनीं पुरेसे विचारले नव्हते. बांधीव वस्तूचा हा नेहमींचा धोका आहे: ती बांधणारा निघून जातो आणि वापरणारा तिच्यापाशीं उरतो.

सातारा जिल्ह्यांतील फलटणनें ह्या कामांत घातलेली भर लक्षणीय आहे. १९६८ सालीं बनबिहारी निंबकर ह्यांनीं तेथें स्थापन केलेल्या कृषि संशोधन संस्थेंत गोड ज्वारीपासून मद्यार्क काढून त्यावर चालणाऱ्या चुलीचे प्रयोग झाले. म्हणजे जी ज्वारी आगटींत भाजली जाते तिचीच एक बहीण चुलीचें जळण झाली. डॉ. आनंद कर्वे आणि त्यांचे सहकारी ह्यांनीं १९९६ मध्यें काढलेल्या आणि 'आरती' ह्या संक्षिप्त नांवानें ओळखल्या जाणाऱ्या संस्थेनें उसाच्या पाचटाकडे पाहिलें. ऊंस तोडल्यावर शेतांत उरणारें पाचट बहुधा तेथेंच पेटवून देत. ह्या संस्थेनें तें बंद पिंपांत भरून भट्टींत तापविलें. पिंपांतून निघणारा ज्वालाग्राही वायु भट्टीलाच जळण पुरवी आणि आंत उरे तो कोळसा. त्याच्या कांड्या पाडून शेगडींत घातल्या कीं जवळजवळ धुराविना निखारा मिळे. ह्या कामाला २००२ मध्यें लंडनचें अॅश्डेन पारितोषिक मिळालें, आणि २००६ मध्यें खरकट्यापासून वायु देणाऱ्या छोट्या संयंत्रासाठीं तेंच पारितोषिक पुन्हां मिळालें. ज्यांना अंगणांत निखाऱ्यावरच भाजावयाचें आहे त्यांनीं वायूकडे वळण्यापूर्वीं ह्या कोळशाचा विचार करावा हें उत्तम. गुऱ्हाळाच्या मुलखांत त्याचें जळण दारांत पडलेलें आहे.

वायूचा इतिहास परका असला तरी थोडक्यांत पाहण्याजोगा आहे. इंग्लंडांत नॉर्दम्प्टनच्या जेम्स शार्प ह्यानें १८२६ च्या सुमारास वायूवर स्वयंपाक करून दाखविला. १८४१ पासून लंडनच्या रिफॉर्म क्लबांत अलेक्सी स्वाये हा पाकशास्त्रज्ञ वायूच्या चुली वापरूं लागला. मुंबईच्या रस्त्यांवर १८६५ सालीं कोळशाच्या वायूचे दिवे लागले. परंतु सातारा-सांगलीपर्यंत नळ येणें शक्य नव्हतें. येथें वायु आला तो एकतर गोठ्यांतून, नाहींतर सिलिंडरांतून. गोबर वायूचें तरंगत्या टाकीचें संयंत्र जशभाई पटेल ह्यांनीं १९५१ च्या सुमारास सिद्ध केलें आणि खादी-ग्रामोद्योग आयोगानें पुढें त्याचा प्रसार केला. गोठ्यालगत, उघड्यावर बसलेली ती लोखंडी टाकी पश्चिम महाराष्ट्रांत परिचयाची झाली. द्रवरूप पेट्रोलियम वायु मुंबईंत १९५५ च्या सुमारास विक्रीस आला आणि क्रमाक्रमानें जिल्ह्याच्या गांवांत पोंचला. गरीब घरांतून तो मोठ्या प्रमाणावर शिरला तो २०१६ च्या उज्ज्वला योजनेनंतर. उघड्यावर मात्र त्याला पहिल्यानें आणलें आचाऱ्यांनीं. लग्नकार्यांत पूर्वीं मांडवामागें लांब चर खणून त्यावर हंडे चढवीत. त्या चराच्या जागीं लोखंडी तिवईची वायूची भट्टी आली. त्याबरोबर, आणि घरांत ओटा आल्याबरोबर, आणखी एक मोठी गोष्ट झाली: पाटावर बसून रांधणारी स्त्री उभी राहिली. चुलीच्या इतिहासांत ह्याहून मोठी क्रांति क्वचित् झाली असेल.

आतां बांधीव शेगडीकडे यावें. येथें जुन्या चुलीचें अनुकरण करण्याचा मोह होतो आणि तेथेंच घात आहे. चुलवाण खड्ड्यांत असतें, आगटी खड्ड्यांत असते, चुलीला तीन बाजूंनीं मातीची भिंत असते. म्हणून गवंडी ओटाही तसाच, तीन बाजूंनीं बंद आणि पुढें दार असा बांधतो, व त्याच्या पोटांत सिलिंडर ठेवतो. लाकडाचा धूर उष्ण असल्यामुळें वर चढतो. त्याला वरती वाट दिली कीं काम भागतें. सिलिंडरांतला वायु हवेहून दीडपट ते दुप्पट जड असतो. तो गळला तर पाण्यासारखा खालीं उतरतो, सखल जागीं साचतो, गटाराच्या तोंडांतून आंत शिरतो. हवेंत त्याचें प्रमाण शेंकडा दोनच्या आसपास गेलें कीं एक ठिणगी पुरे होते. म्हणून अशा ओट्याला दोन समोरासमोरच्या बाजूंस अगदीं तळाशीं उघडीं भोकें हवींत, तळ भोंवतालच्या जमिनीहून खोल असतां कामा नये, आणि सिलिंडर उभा, शेगडीच्या खणापासून भिंतीनें वेगळा केलेल्या खणांत हवा. ओट्याची दर्शनी बाजू सुंदर दिसावी म्हणून हीं भोकें बुजविणें हा बेफिकिरीचा कळस होय. ज्या नगरांत नळाचा नैसर्गिक वायु पोंचला आहे तेथें गोष्ट पुन्हां उलटते: तो मुख्यत्वें मिथेन, हवेहून हलका, त्याला वरचीं भोकें लागतात. आणि गोबर वायूचा दाब इतका कमी, पाण्याच्या सुमारें दहा सेंटिमीटर उंचीइतका, कीं तिप्पट दाबाच्या घरगुती सिलिंडरासाठीं केलेली शेगडी त्यावर नीट पेटतच नाहीं. तिला मोठ्या छिद्राची तोटी लागते. तेव्हां शेगडी पसंत करण्यापूर्वीं जळण ठरवावें, जळणावरून ओटा ठरवावा, आणि ओट्यांत काय बसतें तें शेवटीं पाहावें. विकत घेणारे बहुधा उलट्या टोंकाकडून सुरुवात करतात.

जाळीच्या बाबतींत आराची गोष्ट स्मरणांत ठेवली म्हणजे पुरे. वायूची ज्वाळा स्वतः निखाऱ्याचें काम करूं शकत नाहीं. ज्वाळेनें तापलेली जाड धातूची पट्टी तें करते. म्हणून बर्नरांवर जाड पट्ट्या आणि त्यांवर वजनदार बिडाची जाळी असलेली शेगडी, मग तिला बर्नर दोन कमी असले तरी, पातळ तारांच्या चकचकीत शेगडीहून बरी. बीड सावकाश तापतें आणि सावकाश निवतें. किर्लोस्करवाडीच्या मुलखांत बिडाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. त्याचे दोन दोष आहेत: तापलेल्या बिडावर गार पाणी पडलें तर तें तडकतें, आणि ओलीनें गंजतें, त्यासाठीं प्रत्येक वेळीं तेलाचा हात फिरवावा लागतो, जसा तव्यावर फिरवितात. बाकीचा सांगाडा ३०४ क्रमांकाच्या पोलादाचा असावा, ज्यांत शेंकडा सुमारें अठरा क्रोमियम आणि आठ निकेल असतें. स्वस्त शेगड्यांतून निकेल नसलेलें पोलाद वापरतात आणि तें पहिल्या एक-दोन पावसाळ्यांतच डाग धरतें.

पावसाळ्याचा प्रश्न ह्या दोन जिल्ह्यांत जागोजागीं बदलतो. महाबळेश्वरला वर्षाकाठीं पांच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. सांगलीस त्याचा दहावा हिस्सा, किंवा थोडा अधिक. महाबळेश्वरचे जुने बंगले पावसाळ्यापूर्वीं गवताच्या ताट्यांनीं चहूंकडून झांकून घेत. तेथें उघड्यावरची शेगडी चार महिने निकामी राहणार हें धरूनच चालावें, आणि ती पश्चिमेकडे पाठ करून, छपराखालीं बसवावी. चुलवाणालाही तोच नियम आहे. पावसाळाभर तें मोडकळून पडतें आणि हंगाम येतांच गडी तें पुन्हां लिंपून उभें करतात. बांधीव शेगडीला हें लिंपणें नाहीं; तिला हवी असते ती निराळी देखरेख. मृग लागण्यापूर्वीं सिलिंडर सोडवावा, जाळीला तेल लावावें, झांकण बसवावें. दसऱ्यानंतर ती पुन्हां पेटविण्याआधीं बर्नरांच्या नळ्या काढून आंतून ब्रशानें साफ कराव्या, कारण चार महिने बंद पडलेल्या नळ्यांत कोळी जाळें विणतात आणि मग वायु पुढें न जातां मागें फिरून ओट्याच्या पोटांत पेट घेतो. नळीचे सांधे साबणाच्या पाण्यानें तपासावे. कोठें बुडबुडा उठला तर त्या दिवशीं आगटी खणावी.